जुन्या गावात नको, जुन्या गावाशेजारी : होई आनमधले अडतीस दिवस

हा भाग ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरा पडतो त्यांच्यासाठी. बोलतानाचे ‘अं’ आणि ‘म्हणजे कसं’ काढून टाकलेत, मध्येच आमच्या कुकरची शिट्टी झाली होती तीही काढलीय. बाकी जसं बोलले तसंच.

तर साताऱ्याच्या एका काकूंचा मेल आला. काका एसटीतून निवृत्त. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायपास झाली. एक एफडी मोडलीय, तीन लाख हाताशी आहेत आणि आयुष्यात एकदा दोघांना परदेश बघायचाय. मुलगा म्हणतो, बारा दिवसांची युरोपची टूर घ्या. काकूंनी त्या टूरचा कार्यक्रम पाठवला. सकाळी साडेसहाला बॅगा खोलीबाहेर, आठला बस, दिवसात दोन शहरं. खाली काकूंनी लिहिलंय, “ह्यांना हे झेपणार नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नको आहे. एकाच जुन्या गावात महिनाभर राहता येतं का हो? आपल्यासारख्यांना परवडतं का?”

काकू, येतं. आणि परवडतं. पण काही गोष्टी उलट्या क्रमाने कराव्या लागतात. मी आणि माझी आई २०२४ मध्ये गेलो तेव्हा मी त्या सरळ क्रमाने केल्या आणि पैसे घालवून बसले. २०२५ च्या फेब्रुवारीत परत गेलो, तेव्हा जमलं. आई तेव्हा अडुसष्ट वर्षांची, गुडघे कुरकुरणारे, पक्की शाकाहारी. त्यामुळे मी जे सांगणार आहे ते पाठीवर पिशवी टाकून फिरणाऱ्या पोरांसाठी नाही.

गाव कुठलं? व्हिएतनाममधलं होई आन. देशाच्या मध्यभागी, थू बोन नदीच्या मुखाजवळ. पंधराव्या ते एकोणिसाव्या शतकापर्यंत हे मोठं बंदर होतं. जपानी आणि चिनी व्यापारी इथे येऊन राहिले, युरोपातले लोक याला फाइफो म्हणायचे. पुढे नदी गाळाने भरत गेली, मोठी जहाजं दा नांगला जायला लागली आणि होई आन मागे पडलं. मागे पडलं म्हणूनच वाचलं. व्यापार वाढत राहिला असता तर जुनी लाकडी घरं पाडून कधीच गोदामं उभी राहिली असती. १९९९ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नाव घातलं आणि मग सगळं जग तिथे आलं. कारभाराच्या दृष्टीने २०२५ पासून ते दा नांग शहरातच धरतात, पण तिथली माणसं होई आनच म्हणतात.

हेच गाव का, याचं एक कारण अगदी कोरडं आहे : व्हिसा. १५ ऑगस्ट २०२३ पासून व्हिएतनामचा ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंत मिळतो. एकदाच आत जायचा २५ डॉलर, अनेकदा ये-जा करायचा ५०. बँकेच्या खात्याचे कागद नाहीत, मुलाखत नाही. दुसरं कारण म्हणजे जमीन सपाट आहे. काकांना चढ नको. सायकलवर सगळं गाव होतं. नेपाळमधलं भक्तपूरही माझ्या यादीत होतं, तिथे तर आपल्याला व्हिसाच लागत नाही. पण ते चौदाशे मीटरवर, थंडी बरीच, आणि गल्ल्यांना चढउतार. त्याचा भाग वेगळा करू कधीतरी.

आता व्हिसाच्या फॉर्ममध्ये लोक कुठे चुकतात ते सांगते, कारण चुकलात तर पैसे परत नाहीत. पहिली गोष्ट, सरकारी संकेतस्थळाचा पत्ता ‘डॉट जीओव्ही डॉट व्हीएन’ असा संपतो. त्याच्यासारखी दिसणारी खासगी संकेतस्थळं डबल-तिप्पट घेतात. दुसरी, नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच. आपल्याकडे मधलं नाव, वडिलांचं, नवऱ्याचं, आडनाव मागे की पुढे, असा सगळा गोंधळ असतो. तुम्हाला जे ‘खरं’ वाटतं ते लिहू नका, पासपोर्ट समोर ठेवून अक्षर न् अक्षर उतरवा. तिसरी चूक सगळ्यात गंमतशीर. ‘देशात कुठून प्रवेश करणार’ असा रकाना असतो. होई आनला विमानतळ नाही, जवळचा दा नांग, तीस किलोमीटर. म्हणून लोक दा नांग लिहितात. पण मुंबईहून तुम्ही आधी हनोई किंवा हो चि मिन्ह सिटीला उतरणार, शिक्का तिथेच बसणार, आणि दा नांगचं विमान हे देशांतर्गत. म्हणजे त्या रकान्यात पहिलं उतरायचं ठिकाण लिहायचं. या दोन विमानांच्या मध्ये किमान चार तास ठेवा. बॅगा घेऊन पुन्हा द्यायच्या असतात, टर्मिनल बदलायचं असतं. काकांना धावायला लावायचं नाही हे आपलं ठरलंय ना.

कधी जायचं? आपलं पावसाचं डोकं तिथे चालत नाही. आपला पाऊस संपतो तेव्हा त्यांचा ऐन भरात येतो. सप्टेंबर ते डिसेंबर पाऊस, त्यातही ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे पूर. दिवाळीच्या सुट्टीत जाऊ असं अजिबात ठरवू नका. २०२५ च्या ऑक्टोबरअखेरीस जुन्या गावाच्या रस्त्यांवरून होड्या चालल्या होत्या. तान की नावाचं जुनं व्यापाऱ्याचं घर आहे, त्याच्या भिंतीवर कुठल्या वर्षी पाणी कुठवर चढलं याच्या खुणा केलेल्या आहेत. आई त्या खुणांपाशी उभी राहून स्वतःच्या उंचीशी मोजत बसली होती. अशा घरांत वरच्या मजल्याच्या तक्तपोशीला झडप ठेवलेली असते. पाणी चढायला लागलं की माल दोरीने वर ओढून घ्यायचा. पुराची त्यांना सवय आहे, आपल्याला नाही.

फेब्रुवारी ते एप्रिल सगळ्यात चांगले. मे ते ऑगस्ट कडक ऊन. आणि एक अडथळा म्हणजे त्यांचं नववर्ष, तेत. चांद्र पंचांगाप्रमाणे जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत कधीतरी येतं. त्या आठवड्यात दुकानं बंद, भाडी चढलेली, गाड्या भरलेल्या. २०२५ मध्ये तेत २९ जानेवारीला होतं, आम्ही १० फेब्रुवारीनंतर गेलो. सगळे जेवून तृप्त होते आणि घरमालक भाव करायला तयार होते.

आता खोलीचं. इथेच मी २०२४ मध्ये शेण खाल्लं. पुण्यात बसून, फोटो बघून, पूर्ण महिन्याची खोली घेतली. जुन्या गावाच्या अगदी कडेला, छज्जा, कंदील, बोगनवेल. पैसे आगाऊ भरले. पहिल्या संध्याकाळी साडेसहाला शेजारच्या अंगणात एक माणूस चाकांवरचा स्पीकर घेऊन बसला आणि गायला लागला. कराओके. मग त्याचा मेहुणा गायला. मग बहुतेक मेहुण्याचा बॉस. रात्री साडेदहापर्यंत. आणि हे रोज. दिवसा खिडकीखाली पर्यटकांच्या सायकलरिक्षांची रांग. नवव्या दिवशी आईने शांतपणे विचारलं, “आपण इथून जाऊ शकतो का गं, की पैसे दिलेत म्हणून राहायचं?” गेलो. उरलेल्या एकवीस दिवसांचे पैसे मिळाले नाहीत. कायद्याने त्याचं बरोबर होतं, मी अटी वाचल्या नव्हत्या.

म्हणून काकू, हे नीट ऐका. भारतातून फक्त पहिल्या आठवड्याची खोली ठरवा. व्हिसाच्या फॉर्ममध्ये तोच पत्ता चालतो. महिन्याची खोली तिथे गेल्यावर, पायी फिरून, संध्याकाळी सात वाजता बघायची. सकाळी सगळ्याच खोल्या शांत असतात. बघताना नळ सोडा, गरम पाणी येतंय का बघा, जिना मोजा, आणि पाच मिनिटं गप्प उभं राहा. कोंबडा आहे का, बांधकाम चालू आहे का, स्पीकर आहे का, सगळं कळतं.

आणि कुठे बघायची? जुन्या गावात नाही. जुन्या गावापासून दीड-दोन किलोमीटरवर. काम चाउ, काम थान्ह, किंवा समुद्राकडे आन बांगच्या वाटेवर. याची दोन कारणं. एक पैशाचं. आतल्या भागात सगळं रात्रीच्या हिशेबाने विकलं जातं, बाहेर महिन्याच्या. २०२५ मध्ये आम्हाला काम चाउला स्वयंपाकाचा ओटा असलेली खोली महिन्याला नव्वद लाखांना मिळाली. घाबरू नका, नव्वद लाख डोंग. आपल्या रुपयाला साधारण तीनशे डोंग येतात, म्हणजे तीस हजार. हिशेबाची युक्ती अशी की शेवटची तीन शून्यं खोडायची आणि उरलेल्याला सव्वातीनाने गुणायचं. १,२०,००० डोंगचं तिकीट म्हणजे १२० गुणिले सव्वातीन, चारशे रुपयांच्या आतबाहेर. आईला ही युक्ती दोन दिवसांत जमली, मला आठवडा लागला.

दुसरं कारण जरा अवघड आहे. जुन्या गावातल्या त्या पिवळ्या भिंतींमागे आता बरीच शिंप्यांची दुकानं, कॅफे आणि कंदिलांची विक्री आहे. कित्येक घरमालकांनी पुढचा भाग भाड्याने दिलाय आणि स्वतः बाहेर राहायला गेलेत. भाडं चांगलं मिळतं, त्यांना दोष कसा द्यायचा? पण मग तुम्ही जुन्या गावात खोली घेऊन कोणाच्या शेजारी राहणार? दुसऱ्या पर्यटकाच्या. गाव राहतंय ते बाहेर. शाळेत जाणारी पोरं, अंगणात वाळत घातलेले तांदळाचे पापड (हो, जवळजवळ आपलेच), सकाळी साडेपाचला झाडणाऱ्या बायका. जुनं गाव बघायचं ते सकाळी सहा ते आठ. तेव्हा ते रिकामं असतं. जपानी पूल तुम्हाला एकट्याला मिळतो. सोळाव्या शतकाच्या अखेरीचा, छप्पर असलेला, दुरुस्ती होऊन ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा खुला झालेला. त्यांच्या वीस हजारांच्या नोटेवर त्याचंच चित्र आहे. दहानंतर दा नांगहून बस यायला लागतात, आणि संध्याकाळी नदीकाठी आपल्या चतुर्थीला दगडूशेठसमोर असते तशी गर्दी. दोन किलोमीटरवर घर असलं की तुम्ही गर्दी व्हायच्या आत परत येऊन पोहे खात बसलेले असता.

घर ठरवताना तीन गोष्टी विचारा. वीज वेगळी का? बहुतेक ठिकाणी वेगळी असते, आम्हाला युनिटला चार हजार डोंग लावले. अनामत किती आणि कधी परत? आणि पोलिसांकडे नोंद कोण करणार? परदेशी माणूस राहतोय हे स्थानिक पोलिसांना कळवणं ही घरमालकाची जबाबदारी असते. पासपोर्टचा फोटो मागितला तर बिचकू नका. उलट जो मागतच नाही त्याच्याकडे राहू नका.

खाण्याचं. काकू, तुम्ही लिहिलंय की तुम्ही माळकरी आहात आणि काका अंडंही खात नाहीत. तुम्हाला एकच शब्द लागेल : ‘चाय’. चहा नव्हे. ‘आन चाय’ म्हणजे शाकाहारी जेवण. तिथे नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही, कारण रश्शात मासळीचा आंबवलेला सॉस असतो आणि त्यांच्या लेखी ते मांस नाही. ‘चाय’ म्हटलं की तो सॉसही गेला. पाटीवर हा शब्द दिसला की बिनधास्त आत जायचं. आणि चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे आपल्या हिशेबाने अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, तिथले बौद्ध लोक स्वतःच शाकाहार पाळतात. त्या दिवशी चांगल्या चांगल्या खाणावळींत ‘चाय’ पदार्थ निघतात. पौर्णिमेच्या आदल्या, म्हणजे चौदाव्या रात्री जुन्या गावात विजेचे दिवे मालवून कंदील लावतात. आमच्या घरमालकीणबाईंनी त्या दिवशी दारात फळं, फुलं, उदबत्ती मांडली तेव्हा आईने आपसूक हात जोडले. बाईंनी आईला एक केळं दिलं. झाली ओळख.

त्या बाईंना आई ‘को’ म्हणायची, म्हणजे आत्या किंवा काकू. त्या आईला ‘बा’ म्हणायच्या, आजी. व्हिएतनामी माणसं आपल्यासारखीच एकमेकांना नात्यानेच हाक मारतात. पहिल्या भेटीत वय विचारतात ते भोचकपणा म्हणून नाही, काय म्हणायचं ते ठरवायला. दोघींना एकमेकींची भाषा काडीची येत नव्हती आणि तिसऱ्या आठवड्यात दोघी मिळून भाजी निवडत होत्या.

घरी करायचं तर बाजारात सोललेली पिवळी मुगडाळ सहज मिळते, ते गोड पदार्थांत घालतात. तांदूळ आहेच, शेंगदाणे, हळद, कोथिंबीर, नारळ आहे. जवळच त्रा क्वे म्हणून भाजीपाल्याचं गाव आहे, तिथल्या पालेभाज्या बाजारात येतात. इथून न्यायचं ते हिंग, मोहरी, जिरं, गोडा मसाला. तूरडाळीचा हट्ट सोडा. आमचं एक वेळ घरी, एक वेळ बाहेर असं चालायचं. काओ लाउ नावाच्या तिथल्या खास शेवया, मी क्वांग, भाजी भरलेला बान्ह मी पाव, सगळ्यांचं ‘चाय’ रूप मिळतं.

पुढचं जरा गंभीर, कारण काकांच्या छातीचा प्रश्न आहे. प्रवासाचा विमा घेताना ‘आधीचा आजार’ लपवू नका. लपवलात तर नेमक्या त्याच कारणाने दावा फेटाळतात. बायपास झालेली आहे हे लिहून द्या आणि हृदयाचा त्रास झाला तर काय भरून मिळेल ते कंपनीकडून लेखी घ्या, फोनवरचं ‘हो हो मॅडम’ नको. काही पॉलिसी जिवावर बेतलं तरच आणि ठरावीक रकमेपर्यंतच देतात, काही अजिबात देत नाहीत. ते घरी कळलेलं बरं. हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय तिकीट काढू नका. औषधं पूर्ण दिवसांची अधिक पंधरा दिवसांची, मूळ वेष्टनात, चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहिलेलं, निम्मी हातातल्या पिशवीत. मोठी रुग्णालयं दा नांगला, होई आनपासून पाऊण तास. हे अंतर काकांच्या डॉक्टरांना सांगा आणि ते चालेल का विचारा. नाही म्हणाले तर दा नांगमध्येच राहा आणि होई आनला आठवड्यातून दोनदा सकाळी जा. त्यात काही कमीपणा नाही.

स्कूटर नको. आपला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना १९४९ च्या कराराखालचा असतो आणि व्हिएतनाम १९६८ च्या कराराचा मानतं. दुकानदार गाडी देईल, पण अपघात झाला तर विमा हात वर करणार. सायकल घ्या. दुपारी बाराला घरात, चारला बाहेर.

एक दिवस मात्र गाडी करून मी सनला जा, साधारण चाळीस किलोमीटर. चाम राजांची शिवाची देवळं, चौथ्या ते तेराव्या शतकापर्यंत बांधत आलेली, विटांची. संस्कृत शिलालेख आहेत. १९६९ मध्ये अमेरिकी बॉम्बहल्ल्यात बरीच पडली. त्यातल्या काही गटांची दुरुस्ती आपल्या भारतीय पुरातत्त्व खात्याने केली, आणि ते काम चालू असतानाच २०२० मध्ये नवव्या शतकातलं अखंड शिवलिंग सापडलं. आई तिथे बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “एवढ्या लांब येऊन सोमवारच भेटला.” खरंच सोमवार होता.

आता पैसे, कारण प्रश्न तोच होता. आम्हा दोघींचा २०२५ चा अडतीस दिवसांचा हिशेब वहीतून वाचते. विमान, व्हिसा, विमा मिळून ८३,३००. राहणं विजेसकट ४१,४००, त्यात पहिले आठ दिवस रोजाच्या भाड्याने. जेवण आणि किराणा ३४,२००. सायकली, गाड्या, तिकिटं २१,३००. सिमकार्ड, किरकोळ आणि शिंप्याचे मिळून १४,०००. होई आन शिंप्यांचं गाव आहे, कितीही ठरवलंत तरी काहीतरी शिवून घ्याल, तेव्हा रकाना आधीच ठेवा. एकूण १,९४,२००. तिथला रोजचा खर्च दोघींचा तीन हजारांच्या आत. तुमच्या तीन लाखांत एक लाख शिल्लक राहतात. ते खर्चायचे नाहीत. काकांना बरं वाटलं नाही तर त्याच दिवशीचं परतीचं तिकीट काढायला ते आहेत.

पैसे कसे न्यायचे? थोडे डॉलर, कोऱ्या, न दुमडलेल्या नोटा, बँकेत बदला. बाकी कार्ड. एटीएममधून एका वेळी फार निघत नाहीत आणि दर वेळी शुल्क पडतं, म्हणून घरभाडं रोख द्यायचंय की कसं ते आधी विचारून ठेवा. मला नव्वद लाख जमवायला तीन दिवस लागले होते.

काकू, सगळ्यात आधी दोघांचे पासपोर्ट काढून तारखा बघा. प्रवासाच्या दिवसापासून सहा महिने तरी शिल्लक हवेत. मग डॉक्टर, मग विमा, मग तिकीट, मग व्हिसा. खोली शेवटी. मुलगा ऐकत नसेल तर त्याला हा भाग ऐकवा. आणि काकांना गाण्याची आवड असेल तर तेही कळवा. ती बोगनवेलवाली खोली अजून भाड्याने असते, मी बघितलं.